दाढ गेली, कळ राहिली

"दाढ दुखते" हे दोन शब्द आपण किती सहज बोलतो! याच दोन शब्दांनी मला दीड वर्ष फिरवले आणि माझी एक दाढही घालवली. मंडळाच्या कार्यक्रमात आणखी दोघींकडून अशीच तक्रार ऐकली, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

सुट्टीत पुण्याला गेले असता खालच्या डाव्या दाढेचे रूट कॅनाल करून घेतले. तिथे खर्च कमी येतो आणि आपल्या भाषेत बोलता येते, म्हणून आपल्यापैकी बरेच जण तसे करतात. स्टुटगार्टला परतल्यावर महिन्याभरात त्याच बाजूला जळजळ सुरू झाली. मधूनच विजेचा झटका बसावा तशी सणक कानापर्यंत जाई. श्लॉसप्लात्सवर गार वारा गालाला लागला की डोळ्यांत पाणी येई. आई फोनवर म्हणाली, "अगं, दाढेत लवंग धर." धरली. सासूबाईंनी मीठ-हळदीच्या गुळण्या सांगितल्या. त्याही केल्या.

इथल्या दंतवैद्यांना मी फक्त "त्सानश्मेर्त्सन" एवढेच सांगितले. माझे जर्मन तेवढ्यापुरतेच होते. एक्स-रेत काही दिसले नाही. तरी दुखते म्हणून शेजारच्या दाढेचे रूट कॅनाल झाले. शेवटी मीच हट्ट धरला, "पहिली दाढ काढून टाका एकदाची." काढली. चार दिवस बरे वाटले आणि पाचव्या दिवशी कळ जशीच्या तशी हजर! दाढ नाही तिथे दाढ दुखते, हे घरात कुणाला पटेना. "मनावर घेऊ नकोस," असे हे म्हणाले, त्या रात्री मी खूप रडले.

मार्ग दाखवला आमच्या हाउसआर्त्स्टने. त्यांनी विचारले, "दुखते कुठे ते कळले, पण दुखते कसे?" तोपर्यंत हे मी कुणाला सांगितलेच नव्हते.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस असते. तिच्या तीन शाखा कपाळ, वरचा जबडा आणि खालचा जबडा यांना जातात. दात आणि गाल यांची नस एकच, त्यामुळे नस दुखली तरी दातच दुखतो असे वाटते. रक्तवाहिनीचा दाब नसेवर पडला तर क्षणभराच्या तीव्र सणका येतात. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. २०११ साली सलमान खानने आपल्याला तो असल्याचे सांगून अमेरिकेत उपचार घेतले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. दातांच्या उपचारात नसेला इजा झाली तर मात्र सततची जळजळ, बधिरपणा किंवा मुंग्या राहू शकतात. माझे दुखणे या दुसऱ्या प्रकारातले निघाले.

म्हणून हे शब्द पाठ करून ठेवा. ठणका म्हणजे 'पोखेंड', जळजळ 'ब्रेनेंड', बधिर 'टाउब', मुंग्या 'क्रिबेल्न', आणि सणक 'वी आइन श्ट्रोमश्लाग', म्हणजे विजेच्या झटक्यासारखी. रात्री वाढणारा, गरम-गार लागून उठणारा ठणका बहुधा दाताचाच असतो. सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दंतवैद्य गाठा. उपचारानंतर ओठ बधिरच राहिला तरीही लगेच कळवा. पण दात निर्दोष असून जळजळ वा सणक थांबत नसेल, तर पुढचा दात काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. हाउसआर्त्स्टच्या चिठ्ठीवर तातडीचा कोड असेल तर ११६११७ या क्रमांकावर वेळ मिळवून देतात.

माझे एम.आर.टी. झाले, त्यात काही निघाले नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा अशा दुखण्यावर सहसा फारसा उपयोग होत नाही. मला अ‍ॅमिट्रिप्टिलिन अगदी थोड्या मात्रेत सुरू झाले. सणकांच्या आजारात कार्बामाझेपिन देतात, पण त्यासाठी रक्त तपासावे लागते. आशियाई वंशाच्या काही लोकांत त्याची त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया येते, तेव्हा आपला वंश डॉक्टरांना सांगा. पुरळ उठले तर क्षणाचाही विलंब नको. यांपैकी कोणतेही औषध मनाने घेऊ नका, मनाने सोडूही नका.

आता पैशांचे. काढलेल्या दाढेच्या जागी ब्रिज बसवायचा तर क्रांकेनकासे ठरलेल्या साध्या उपचाराच्या ६० टक्के रक्कम देते. बोनसहेफ्टमध्ये सलग पाच वर्षांच्या नोंदी असतील तर ७०, दहा वर्षांच्या असतील तर ७५ टक्के. बाकीचा भार आपल्यावर. औषधांच्या पावत्या जपा. वर्षभराचा आपला वाटा कुटुंबाच्या ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर, आणि दीर्घ आजार मान्य झाल्यास १ टक्क्यावर गेला की पुढे माफी मागता येते. नोकरीत रजा लांबली तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. नंतर ढोबळ पगाराच्या ७० टक्के क्रांकेनगेल्ट मिळते, पण ते निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नसते. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवडे ही मर्यादा आहे. आपल्या उपचारांच्या कागदांची प्रत मागण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यात लिहिलेला आहे. पुण्याहून येतानाही एक्स-रे आणि कागद बरोबर आणा. मी आणले नव्हते.

मी पूर्ण बरी झाले असे म्हणणार नाही. पण रात्रीची झोप लागते आणि गरम वरणभात दोन्ही बाजूंनी चावता येतो. काढलेली दाढ काही परत येणार नाही. तुमची अजून जागेवर असेल, तर आधी दुखणे नीट सांगा, मग तोंड उघडा.