पगारवाढ मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे!

शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण या प्रश्नांवर आपल्या बैठकांत तासन्‌तास चर्चा होते. पण शिकून नोकरीला लागलेल्या तरुणाच्या हातात पगार किती पडतो, यावर आपण फारसे बोलत नाही. आज आपले कितीतरी तरुण-तरुणी खाजगी कंपन्यांत किंवा कंत्राटदाराकडे काम करतात. तिथे वेतन आयोग नाही. पगार वाढवून हवा असेल तर तोंड उघडून मागावा लागतो, आणि नेमके तिथेच आपण मागे राहतो. "काम मिळाले हेच खूप, मागितले आणि काढून टाकले तर?" ही भीती खोटी नाही. घरातला पहिलाच पगारदार असेल तर अशा वेळी सल्ला द्यायलाही कोणी नसते. म्हणून काही गोष्टी इथे मांडत आहोत.

गप्प राहण्याची किंमत

समजा, एकाच कामाला एकाने १८,००० रुपये मान्य केले आणि दुसऱ्याने बोलणी करून २२,००० घेतले. दोघांनाही दरवर्षी १० टक्के वाढ मिळाली, तरी पाच वाढींनंतर एक सुमारे २९,००० वर आणि दुसरा ३५,४०० वर असतो. चार हजारांचा फरक साडेसहा हजारांच्या जवळ जातो. शिवाय पुढची कंपनी जुनी पगारपत्रिका पाहूनच आकडा ठरवते. म्हणजे सुरुवातीचा संकोच पुढे अनेक वर्षे खिशातून जात राहतो.

हक्क कोणता, मागणी कोणती?

आधी हा फरक समजून घेऊ. किमान वेतन हा हक्क आहे, त्यासाठी विनंती करायची नसते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. आता या तरतुदी वेतन संहिता, २०१९ मध्ये आल्या आहेत. महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी आणि परिमंडळ यांनुसार दर ठरतात. त्यातील विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. आपला दर या दोन महिन्यांत तपासत चला. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आणि सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखे वेतन, हेही कायद्यातच आहे. यात तूट असेल तर तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करता येते.

त्यापेक्षा जास्त जे हवे, ती मागणी. तिथे कायदा मदतीला येत नाही, तिथे तयारी लागते.

तयारी कशी करावी?

१. वर्षभरात केलेल्या कामाची नोंद ठेवा. किती कामे हाताळली, कोणती जबाबदारी वाढली, किती नवीन लोकांना शिकवले, हे आकड्यांत लिहा.

२. त्याच शहरात त्याच कामाला काय पगार आहे, हे नोकरीच्या जाहिरातींतून आणि मित्रांकडून विचारून घ्या. आपसात पगार लपवल्याने फायदा मालकाचाच होतो.

३. वेळ साधा. एप्रिलमध्ये वाढ देणाऱ्या कंपन्यांत आकडे बहुधा आधीच ठरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच विषय काढा.

४. साहेबांकडे वेगळी वेळ मागा आणि ठरावीक आकडा सांगा: "सर, गेल्या वर्षात माझ्याकडे ही दोन कामे जास्तीची आली. बाजारातला दर पाहता माझा पगार २५,००० व्हावा, अशी माझी मागणी आहे." घरचे आजारपण, बहिणीचे लग्न, कर्जाचे हप्ते ही कारणे खरी असली तरी पुढे करू नका. त्याने मागणीची मदत होते आणि मदत एकदाच मिळते.

५. वाढ सीटीसीत आहे की हातात येणाऱ्या पगारात, हे विचारा. मालकाचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरून आकडा फुगवलेला असू शकतो. पगार २१,००० च्या वर जाणार असेल तर काही महिन्यांनी ईएसआयचे संरक्षण संपते. तेव्हा आरोग्य विम्याचे काय, हेही तेव्हाच विचारा.

नकार आला तर?

वाद घालू नका. काय केले म्हणजे वाढ मिळेल आणि पुन्हा कधी बोलायचे, एवढे विचारा. जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. दुसरी नोकरी हातात नसताना राजीनाम्याची धमकी देऊ नका.

कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, डेटा एंट्री करणारे यांनी मात्र एकट्याने जाऊ नये. एकट्याला उद्यापासून येऊ नको म्हणणे सोपे असते. सगळ्यांच्या सह्यांचे निवेदन द्या, त्याची पोच घ्या, युनियनला सोबत घ्या. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईत इतर कामगार संघटनांसह जो संप केला, तो संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्धच होता. एकत्र येण्याचा हा मार्ग आपल्याला नवा नाही.

कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या विहारात स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, तसा महिन्यातून एक रविवार पगारपत्रिका वाचायला ठेवा. तरुणांनी आपली पगारपत्रिका घेऊन यावे आणि जाणत्यांनी ती समजावून सांगावी. किमान वेतनही मिळत नसलेले किती जण आपल्याच वस्तीत आहेत, हे पहिल्याच रविवारी कळेल.