कोरड्या थंडीतला पाण्याचा जंतू

नोव्हेंबरअखेर कॅनडातल्या कॅल्गरीत पारा शून्याखाली उतरतो आणि हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. अशा दिवसांत, २०१२च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तीन आठवड्यांत शहराच्या मध्यवर्ती भागातल्या आठ जणांना न्यूमोनिया झाला. चौघांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. दगावलं मात्र कुणी नाही. लघवीच्या चाचणीत गुन्हेगार सापडला : लिजिओनेला न्यूमोफिला.

डॉक्टर चकित झाले, कारण हा जंतू कोमट पाण्यात वाढणारा. १९७६ साली फिलाडेल्फियात ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, ते जुलैत. तिथे त्याने अनेकांचे बळी घेतले आणि संघटनेचं नाव त्याला चिकटलं.

पाण्यात अमीबा या जंतूला गिळतो, पण पचवू शकत नाही. जंतू त्याच्या पोटातच वाढतो. पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर तो फुप्फुसात गेला, की तिथल्या मॅक्रोफेज या पहारेकरी पेशींशीही तसाच वागतो. निरोगी शरीरात टी-पेशी मॅक्रोफेजना बळ देतात आणि बहुधा जंतूचा निकाल लागतो. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं किंवा केमोथेरपी यांनी नेमकी हीच साखळी ढिली पडते. म्हणून एरवी विरळा असलेला हा आजार अशा रुग्णांना जास्त गाठतो आणि जास्त छळतो. वृद्ध आणि धूम्रपान करणारेही त्याच्या टप्प्यात येतात.

कॅल्गरीत पाच रुग्णांच्या नमुन्यांतून जंतू वाढवता आला. त्यांचे जनुकसंच वाचले, तेव्हा फरक फार तर एका अक्षराचा निघाला. म्हणजे उगम एकच. रुग्णांच्या येण्याजाण्याच्या वाटा नकाशावर मांडल्यावर एक किलोमीटरचा सामाईक भाग दिसला. तिथे बांधकामं सुरू होती आणि धूळ बसवायला पाणी फवारलं जात होतं. संशय तिकडे गेला, पण पक्का स्रोत हाती लागला नाही.

एकाकडून दुसऱ्याकडे हा आजार सहसा पसरत नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्यावर चालत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन चालतं. लघवीची नेहमीची चाचणी जंतूचा एकच प्रमुख गट ओळखते, त्यामुळे थुंकीचीही तपासणी लागते.

घरात प्रत्यारोपण झालेलं, केमोथेरपी सुरू असलेलं किंवा रोज स्टेरॉइड घेणारं माणूस असेल, तर ताप-खोकल्याला साधी सर्दी समजून थांबू नका. सगळ्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. न्यूमोनिया निघालाच, तर लिजिओनेलाची तपासणी करायची का, हे आवर्जून विचारा. मग बाहेर बर्फ पडत असला तरी.