मुंबईची दर्याकाठची उपनगरे

सेलूहून मनमाडमार्गे मुंबईस जाणाऱ्या रात्रीच्या गाडीतील उतारू पहाटे कसाऱ्याचा घाट उतरतो आणि कल्याण ओलांडून दादरास पोहोचतो. त्याचा भाऊ किंवा मुलगा वांद्रे, अंधेरी अथवा त्यापलीकडे राहत असेल, तर त्यास दादरास पूल चढून पश्चिमेकडील गाडी धरावी लागते. समुद्रकाठचे उपनगर म्हणताच त्याच्या मनात माडांच्या रांगा, पांढरी वाळू व खारा वारा असे चित्र उभे राहिलेले असते. प्रत्यक्षात माहीमचे स्थानक सुटताच खिडकीतून प्रथम जे आत येते, ते म्हणजे चिखलाची दुर्गंधी. खाली काळे, संथ पाणी, दोन्ही बाजूंस चिखलात रुतून बसलेली बुटकी हिरवी झाडे, आणि नाकाशी रुमाल धरून उभे असलेले शेजारचे उतारू. दोनच मिनिटांत वांद्रे येते आणि रुमाल खिशात जातो. उपनगरांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या पुष्कळ लोकांचा या खाडीशी एवढाच परिचय असतो. आणि उपनगरांची सारी कथा तर त्या खाडीतच आहे.

मूळची मुंबई ही सात बेटांची. तिच्या उत्तरेस साष्टीचे मोठे बेट, आणि त्या दोहोंमध्ये माहीमची खाडी. पलीकडे जावयाचे तर होडी हेच साधन होते, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे दगावत. पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाख रुपयांहून अधिक रक्कम स्वतः दिली, प्रवाशांकडून जकात घेऊ नये अशी अट घातली, आणि १८४५ साली माहीम ते वांद्रे हा बांध वाहतुकीस खुला झाला. त्या बांधावरून शहर साष्टीत उतरले.

शहर तेथे उतरले तेव्हा साष्टी ओसाड मात्र नव्हती. वांद्र्यास चिंबई, रानवर, पाली अशी गावठाणे होती. पुढे खारदांडा, जुहू, वेसावे, खाडीपलीकडे मढ, आणखी उत्तरेस मनोरी व गोराई. या गावांची मांडणी पाहिली तर ती पाण्याची पातळी नीट ओळखून केलेली दिसते. कोळीवाडा बहुधा खाडीच्या मुखाशी असे, कारण वाऱ्यापावसात होडीस आसरा तेथेच मिळतो. शेतकऱ्यांची घरे थोड्या उंचवट्यावर, त्याखालच्या सखल जमिनीत भात, वाळूच्या पट्ट्यात माड, आणि जेथे भरतीचे पाणी चढते तेथे मिठागर किंवा तसेच राखलेले खाजण. कोणती जमीन माणसाची व कोणती पाण्याची, याचा निवाडा त्या लोकांनी नकाशे नसतानाच केला होता.

या गावांतील शेतकऱ्यांपैकी बरेच जण पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले. ते स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवितात. पश्चिम किनाऱ्यावरील माणसाने 'पूर्वेकडचा' हे नाव घ्यावे याची परक्यास मौज वाटते. पण गोवा व मंगळूर येथून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपले वेगळेपण दिसावे म्हणून १८८७ साली त्यांनी ते रीतसर स्वीकारले. त्यांची घरची बोली मराठीच आहे. रानवरच्या अरुंद गल्लीत लाकडी जिन्याच्या, कौलारू छपराच्या जुन्या घराच्या ओसरीवरून कोणी म्हातारी नातवास हाक मारते तेव्हा परभणीकडच्या पाहुण्यास ती सहज कळते. गल्लीच्या तोंडाशी एखादा दगडी क्रूसही दिसतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्या दिवसांत साथीपासून रक्षण व्हावे म्हणून असे कित्येक क्रूस उभारले गेले.

प्लेगाने आणखीही एक गोष्ट केली. शहरातील दाट चाळींतून घाबरलेले, ऐपतीचे लोक मोकळ्या हवेसाठी साष्टीकडे पाहू लागले. रेल्वे आधीच आलेली होती. विरारहून मुंबईपर्यंत १८६७ साली गाडी सुरू झाली, तीही दिवसातून एकच. तथापि उपनगरांस खरे रूप दिले ते विजेच्या गाड्यांनी. १९२८ साली कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, आणि मुंबईत नोकरी करून अंधेरीस किंवा पार्ल्यास बिऱ्हाड करणे कारकुनासही शक्य झाले. पार्ल्याच्या मराठी मंडळींनी तर त्याआधीच, १९२१ साली, टिळक विद्यालय काढले होते आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापिला होता. जवळच्या जुहूच्या वाळूवर तेव्हा वस्ती तुरळकच होती. शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी गांधीजी १९२४ साली तेथे येऊन राहिले, आणि १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा टपालाचे विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे तेथेच उतरले.

पुढची वाढ सर्वांस ठाऊक आहे. १९५० व १९५७ साली शहराची हद्द उत्तरेकडे सरकत दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. २०११ च्या शिरगणतीत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे होती, तर उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक. उपनगर हा शब्द आता केवळ सवयीने वापरावयाचा. संख्येने तेच नगर झाले आहे.

अशा रीतीने एकाच जागी दोन वस्त्या नांदू लागल्या, आणि त्यांची घड्याळे निराळी आहेत. नव्या वस्तीचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकावर चालतो. जुन्या वस्तीचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो, आणि ते वेळापत्रक रोज पाऊण तासाहून थोडे अधिक पुढे सरकते, कारण चंद्र रोज तितक्याच उशिराने माथ्यावर येतो. मुंबईच्या किनाऱ्यावरील जुन्या लोकांचा याविषयी एक सुटसुटीत हिशेब आहे. तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीस सहा, चतुर्थीस तीन. दिवसा एकदा व रात्री एकदा. घड्याळाच्या मिनिटास हा हिशेब उतरत नाही, आणि दुसऱ्या किनाऱ्यास तो जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु वेसाव्याच्या खाडीत होडी घालावयास तो पुरतो. डोलीचे जाळे तर सर्वस्वी या ओढीवरच अवलंबून असते. समुद्रात रोवलेल्या खांबांस ते बांधतात, त्याचे तोंड प्रवाहाकडे करतात, आणि पाण्याच्या वेगानेच बोंबील व जवळा आत लोटला जातो. प्रवाह पालटण्याआधी जाळे उचलले पाहिजे. मग ती वेळ दुपारची असो वा अपरात्रीची.

आलेले बोंबील बांबूंच्या मांडवांवर जोडीजोडीने टांगून वाळवितात, जवळा जमिनीवर पसरतात, जाळी उसवून नीट करतात. यासाठी कोळीवाड्यास किनाऱ्यालगत मोकळे मैदान लागते. उंच इमारतीतून पाहणाऱ्यास ते मैदान रिकामे दिसते, आणि जमिनीचा भाव ठाऊक असलेल्यास ते वाया चाललेले वाटते. सेलूकडील श्रोत्यास येथे खळ्याची आठवण होईल. सुगीचे दोन महिने सोडले तर खळ्यातही काही नसते. म्हणून कोणी खळे रिकामे समजून त्यावर घर बांधू लागला तर गाव त्यास वेड्यात काढील. कोळ्याचे मैदान हे त्याचे खळेच होय. फरक इतकाच की त्या मैदानाचा सातबारा बहुधा त्याच्या नावावर नसतो. किनाऱ्यावरील बांधकामास १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने निर्बंध घातले, २०११ व २०१९ साली ते बदलले. पण कोळीवाड्याची हद्द कोठवर, तीत सुकवणीची जागा धरावी की नाही, हा वाद त्याने मिटलेला नाही. जून व जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. त्या दिवसांत हे मैदान होड्यांनी भरलेले जो पाहील, त्यास ते रिकामे म्हणण्याचे धाडस होणार नाही.

आता पुन्हा त्या खाडीकडे वळावयास हवे. विहार व पवई येथील तलावांकडून मिठी नदी येते, वाटेत विमानतळाच्या कडेने तिला काटकोनात वळावे लागते, आणि शेवटी ती माहीमच्या खाडीस मिळते. या नदीच्या मुखाशी पूर्वी विस्तीर्ण दलदल होती. भरती असताना नदीचे पाणी समुद्रात शिरू शकत नाही. ते त्या दलदलीत पसरून थांबे, आणि ओहोटी लागली की निघून जाई. चिखलात उभ्या असलेल्या तिवरांच्या झाडांनी काठ धरून ठेवलेला असे. रुमाल धरणाऱ्यांच्या हिशेबी ही जागा निरुपयोगीच ठरली. तिचा बराच भाग भरून काढून १९७७ नंतर तेथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. आज देशातील मोठ्या पेढ्या तेथे आहेत, आणि त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाण्यास थांबावयास जी ओसरी होती ती गेली, हेही खरे.

त्याचा हिशेब २६ जुलै २००५ रोजी झाला. त्या दिवशी दुपारी पावसाने जोर धरला आणि चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. परभणी जिल्ह्यात वर्षभरात साधारण जेवढा पडतो तेवढाच हा एका अहोरात्रीत. तिथी होती आषाढ वद्य पंचमीच्या सुमाराची. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्याच वेळी समुद्रास मोठी भरती होती. वरून येणाऱ्या पाण्यास वाट मिळेना, आणि थांबावयास जागाही राहिली नव्हती. कलिना, कुर्ला, सांताक्रूझ येथे तळमजले बुडाले, गाड्या बंद पडल्या, लाखो नोकरदार रात्रभर कचेऱ्यांत अडकले किंवा कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी गेले. शेकडो लोक मृत्यू पावले. आगगाडीचे घड्याळ पाळणाऱ्यांस त्या दिवशी दुसऱ्या घड्याळाची ओळख पटली, आणि ती फार महाग पडली. त्यानंतर मात्र पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा व वेळा वर्तमानपत्रांतून ठळक छापल्या जाऊ लागल्या. तिवरांची तोड थांबविण्यासाठी उच्च न्यायालयाने २००५ साली व पुढे २०१८ साली कडक आदेश दिले. वेसाव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शहा या वकिलाने आठवड्यामागून आठवडे लोकांस जमवून कचरा उपसला. २०१८ साली तेथे कासवाची पिल्ले वाळूतून निघून समुद्राकडे जाताना दिसली.

आणखी उत्तरेस, वसईकडे, भांडण खाऱ्या पाण्याशी नसून गोड्या पाण्याविषयी झाले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला तो किल्ला आणि त्याभोवतीच्या केळीच्या व पानवेलीच्या बागा. तेथली सुकेळी अजूनही नावाजलेली आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे गोडे पाणी ही मोठी नाजूक ठेव असते. ते खाऱ्या पाण्यावर तरंगून असते. बेताने उपसावे तर पिढ्यान् पिढ्या पुरते, पण यंत्राने उपसून टँकर भरू लागले की खालचे खारे पाणी वर चढते आणि बाग करपते. नव्या इमारतींस पाणी हवे होते, ते या विहिरींतून जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांस संघटित केले ते याच कारणास्तव. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे मराठवाड्यातील वाचक विसरले नसतील. २०२४ साली ते निवर्तले. विहिरी कोरड्या पडण्याचे दुःख ज्या मुलखाने जाणले आहे, त्यास विहीर भरलेली असून पाणी पिता येत नाही हे दुःख समजावयास वेळ लागू नये.

राहण्याच्या दृष्टीने या उपनगरांची हवा सुखाची की कशी, याचे उत्तर कोण विचारतो त्यावर आहे. वैशाखात सेलूची भट्टी सोडून गेलेल्या पाहुण्यास सायंकाळचा समुद्रावरचा वारा अमृतासारखा वाटतो; चार दिवसांनी तोच अंगास चिकटणाऱ्या घामाची तक्रार करतो. लोखंडी कडी गंजते, मीठ पाझरते, पापड मऊ पडतात. खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या घराची किंमत ऐकून मात्र पाहुणा गप्प बसतो.

मुलाने तिकडे घर पाहिले असल्याचे पत्र आले, म्हणजे वडील मंडळी स्थानक किती दूर, नळास पाणी किती वेळ, शेजार कसा, हे विचारतात. ते विचारावेच. त्यासोबत जवळच्या कोळीवाड्यात किंवा गावठाणात एकदा जाऊन, ही इमारत उभी राहण्यापूर्वी त्या जागेवर काय होते, भात, माड की तिवरे, आणि २००५ साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, एवढे तेथील एखाद्या म्हाताऱ्या कोळणीस विचारून यावे. मासळीचा बाजार उरकला असेल तर ती सवडीने सांगेल.