होडीवर गाडी आणि गाडीमागें होडी

गुहागरकडून दापोलीस मोटारीनें जाणाऱ्या मनुष्यास धोपाव्याच्या धक्क्यावर थांबावें लागतें. समोर वाशिष्ठीची रुंद खाडी आणि पलीकडे दाभोळ. थोड्या वेळानें सपाट तळाची फेरीबोट धक्क्यास येऊन टेकते, पुढची लोखंडी फळी खालीं सोडते, आणि मोटारी, दुचाक्या, प्रसंगीं मालानें भरलेली लॉरीसुद्धां तिच्यावर चढते. ही सोय 2003 सालीं झाली. तशीच सोय जयगड व तवसाळ यांच्या दरम्यान आणि बाणकोटच्या खाडींत वेशवी व बागमांडला यांच्या दरम्यानही आहे. तेव्हां होडीवर चढलेली गाडी आम्हां रत्नागिरीकरांस नवी नाहीं. परंतु याच्या अगदीं उलट दृश्य जेथें नित्य दिसतें असाही एक प्रदेश आहे. तेथें गाडीमागें होडी बांधलेली असते, आणि ती जोडी भर वाळवंटांतून शेंकडों मैल धांवत असते.

हा प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग. ॲरिझोना, नेवाडा, यूटा व कॅलिफोर्निया या संस्थानांच्या सरहद्दी तेथें एकमेकींस भिडतात. उन्हाळ्यांत उष्णतामान 45 अंशांवर जातें, आणि मैलोगणती निवडुंगावांचून झाड दृष्टीस पडत नाहीं. तेथें होडीचें काय काम, असें वाचक विचारतील. याचें उत्तर कोलोरॅडो नदींत आहे. या नदीवर हूव्हर धरणाचें उद्घाटन 1935 सालीं झालें. त्याची उंची 726 फूट असून त्याच्या पाठीशीं मीड नांवाचा प्रचंड जलाशय पसरला आहे. खालच्या अंगास 1938 सालीं पार्कर धरणानें हवासू सरोवर निर्माण केलें, आणि वरच्या अंगास ग्लेन कॅन्यन धरणामागें 1963 पासून पॉवेल सरोवर भरूं लागलें. अशा रीतीनें मरुभूमींत मनुष्यानें केलेलीं सरोवरें झालीं, आणि त्यांच्या मागोमाग होड्याही आल्या.

प्रवासी तेथें ज्या वाहनानें जातात त्यास मोटारहोम म्हणतात. तें खरोखर चाकांवरचें बिऱ्हाडच होय. त्यांत निजावयाची जागा, चूल, मोरी आणि पाण्याची टांकी असते. त्याच्या मागें ट्रेलर नांवाचा बिनइंजिनाचा गाडा जोडतात आणि त्यावर होडी घट्ट बांधतात. हें सर्व पाहण्यास मौजेचें खरें; परंतु त्यांत एक नियम सांभाळावा लागतो, आणि तोच नियम आमच्या फेरीबोटीसही लागू आहे. तो असा कीं, ओझें किती आहे याचा हिशेब जितका महत्त्वाचा, तितकाच तें कोठें ठेविलें आहे याचाही महत्त्वाचा.

आमच्या शेतकऱ्यास हा नियम पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. बैलगाडींत भार कण्याच्या मागें अधिक झाला म्हणजे गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें आणि बैलाच्या गळ्यास फांस बसतो. म्हणून जाणता गाडीवान थोडा भार पुढें ठेवितो. ट्रेलरचेंही असेंच आहे. होडीसह त्याचें एकूण वजन 1500 किलो असेल, तर त्यांपैकीं सुमारें 150 ते 225 किलो, म्हणजे दहावा हिस्सा किंवा किंचित अधिक, पुढच्या जोडावर पडावें असा नियम आहे. भार मागें राहिला तर वेग वाढतांच ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊं लागतो, आणि ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू फरफटवूं लागतो. उलटपक्षीं पुढें अतिशय भार झाला तर गाडीचीं पुढचीं चाकें हलकीं होतात व तीं वळविणें कठीण जातें.

उतारावर आणखी एक संकट असतें. आंबा घाट उतरतांना अनुभवी चालक खालचा गियर घालून इंजिनाच्या रोधानें गाडी आवरतो, हें आपण पाहिलेंच असेल. ब्रेक एकसारखा दाबून धरल्यास तो तापतो आणि ऐन वेळीं निकामी होतो. मग मागें होडीचें वजन ढकलीत असतां ही दक्षता किती घ्यावी लागत असेल, याची कल्पना करावी.

सरोवरापाशीं पोहोंचल्यावर ट्रेलर मागें सारीत काँक्रीटच्या उतरंडीवरून पाण्यांत नेतात. तेथें होडी आपोआप तरंगते आणि रिकामा ट्रेलर वर ओढून घेतात. परंतु पाणीच मागें हटलें तर? 2000 सालापासून त्या प्रदेशांत दीर्घ अवर्षण पडलें. 2022 च्या जुलैंत मीड सरोवराची पातळी, 1937 सालीं तें भरत असतांना होती तितकी खालीं गेली. बहुतेक उतरंडी कोरड्या जमिनीवरच संपूं लागल्या, आणि त्या बंद कराव्या लागल्या. आमच्या खाडीचें पाणीही हटतें. पण तें दिवसांतून दोनदां हटतें व दोनदां परत येतें. उधाणाच्या वेळीं हा चढउतार सुमारें दोन मीटरांचा असतो. म्हणूनच फेरीबोटीची फळी बिजागरीवर वरखालीं होणारी केलेली असते, आणि धक्काही उतरता बांधलेला असतो. समुद्राची ही परतफेड वाळवंटास लाभलेली नाहीं.

आतां आमच्या फेरीबोटीचा हिशेब पाहूं. समजा, एका बोटीचा सपाट तळ 25 मीटर लांब व 8 मीटर रुंद आहे, म्हणजे त्याचें क्षेत्रफळ 200 चौरस मीटर झालें. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत आपण वर्गांत शिकलांच आहां. दीड टन वजनाची मोटार चढली तर सुमारें दीड घनमीटर पाणी सारलें जाईल. त्यास 200 नीं भागिलें असतां उत्तर येतें पाऊण सेंटिमीटर! एवढी मोटार चढूनही बोट बोटभरसुद्धां बुडत नाहीं. सोळा टनांची लॉरी चढली तरी ती आठ सेंटिमीटरच खालीं जाईल.

हें गणित मनास धीर देणारें आहे. पण तें अर्धेंच आहे. भार तळावर सारखा पसरला आहे असें त्यांत गृहीत धरलें आहे. तोच भार एका कडेस गेला तर बोट कलते, कलल्यावर सुटा भार आणखी त्याच बाजूस सरकतो, आणि मग तिला सांवरणें कठीण होतें. मोटारीस हातब्रेक लाविला तर ती जागीं राहते. मनुष्यांस मात्र हातब्रेक नसतो. 17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. लाटेच्या तडाख्यानें बोट कलली आणि भ्यालेले लोक एका बाजूस लोटले, असें त्या अपघाताविषयीं सांगतात. कोंकणांतील कित्येक घरांत तो दिवस पुढें पिढ्यान्‌पिढ्या विसरला गेला नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, फेरीबोटींत चढल्यावर खलाशी जेथें सांगेल तेथेंच उभे राहा. गाड्यांच्या मधल्या फटींत शिरूं नका, आणि मौज पाहण्यासाठीं सगळे एका कठड्यास लोटूं नका. पालकवर्गासही आमची विनंती आहे. बोट भरली असें खलाशानें सांगितल्यावर ‘आणखी एक गाडी मावेल’ असा आग्रह कोणीं धरूं नये. दुसऱ्या फेरीची वाट पाहण्यांत अर्धा तास जाईल, तो जाऊं द्यावा. हातब्रेक ओढावा, इंजिन बंद करावें, आणि लेंकरांचा हात सोडूं नये.

शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. वाळवंटांत होडी ओढून नेणारा प्रवासी आणि खाडींत मोटार उतरविणारा खलाशी हेही याच रीतीनें वागतात. आधीं वजन, मग जागा, आणि नंतर प्रयाण. असा हिशेब ठेवणाऱ्यास वाळूचा रस्ताही पार करतां येतो आणि पाण्याचाही.