दगडा दगडा, तुझं गाव कोणतं?

दोस्तांनो, काच बनवण्याचा सगळ्यात जुना कारखाना कोणाचा? ज्वालामुखीचा! सिलिका भरपूर असलेला लाव्हा झटकन थंड झाला, की त्यात स्फटिक तयार व्हायला वेळच मिळत नाही. त्याची होते चकचकीत काळी काच, म्हणजेच ऑब्सिडियन. तिचा टवका उडवला की कडेला अशी धार येते, की विचारू नका! अश्मयुगातली माणसं तिची पाती बनवत.

आता चला ग्रीसला. तिथे समुद्राकाठी फ्रांख्थी नावाची गुहा आहे. उत्खननात तिथे या काचेचे तुकडे सापडले, त्यांतले सर्वांत जुने सुमारे 13 हजार वर्षांपूर्वीचे. पण आसपास ही काच मिळतच नाही. मग ती आली कुठून?

याचं उत्तर त्या काचेतच दडलंय. घरोघरचा गोडा मसाला दिसतो सारखाच, पण प्रत्येकीचं प्रमाण वेगळं असतं ना? तसंच प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत बेरियम, झिर्कोनियम अशा मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं. हे प्रमाण मोजून काचेचं गाव ओळखता येतं, हे कॅन आणि कॉलिन रेन्फ्रू या संशोधकांनी 1964 साली दाखवून दिलं. आता तर तुकड्यावर क्ष-किरण सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य उलट आपापले ठरावीक क्ष-किरण बाहेर टाकतं आणि यंत्र ते मोजतं. पातं फोडावंही लागत नाही!

फ्रांख्थीची काच निघाली मिलोस बेटावरची! हे बेट गुहेपासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर, भर समुद्रात. म्हणजे शेतीही माहीत नव्हती, तेव्हा माणसं होड्या घालून समुद्रात जात होती.

पुढे शेतकऱ्यांची गावं वसली, तसा या काचेचा व्यवहार वाढला. तुर्कस्तानातल्या ज्वालामुखींपासून सुमारे 300 किलोमीटरपर्यंतच्या गावांत बहुतेक दगडी हत्यारं ऑब्सिडियनची सापडतात. त्यापलीकडे हे प्रमाण भराभर घटतं. असं का? रेन्फ्रू यांच्या मते, प्रत्येक गाव थोडी काच स्वतःला ठेवून उरलेली शेजारच्या गावाला देत असणार. अशी हातोहात काच दूरवर पोचली. तेव्हा ना चाकाची गाडी होती, ना पैसा, ना लिपी!

म्हणून संग्रहालयात दगडी हत्यार दिसलं, की ते किती जुनं एवढंच विचारून थांबू नका. त्याचा दगड कुठला, हेही जरूर विचारा.