पोरीला एका खेळाला बांधू नका

धाराशिवकडं आमच्या वेळी एका पोरीचा एकच खेळ नसायचा. शालेय स्पर्धांत मी सकाळी शंभर मीटर पळायचे, दुपारी कबड्डीत उतरायचे आणि ऊन कललं की खो-खोला. संघ भरायलाच पोरी कमी, मग जी पळते ती सगळीकडं. आता मी शाळेत खेळ शिकवते आणि तेच सगळं कामाला येतं.

खो-खोत आठ जणी एकआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिनं एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत उलटं फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारीला दोन्हीची मोकळीक. म्हणून नुसता वेग पुरत नाही. शंभर मीटरवाली पोर पहिल्याच हुलकावणीला सुसाट पुढं निघून जाते. कबड्डीवाली गुडघ्यात वाकलेली असते, तिला जागच्या जागी थांबता येतं. लांब उडीवाली सूर मारायला कचरत नाही. कुणाला काय आधीच येतं हे ओळखायचं आणि उरलेलं शिकवायचं.

पण शिकवण्याआधी पोर मैदानावर टिकली पाहिजे. आमच्याच खो-खोपटू सारिका काळेचं बघा. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा तिनं सांगितलं, जवळपास दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवत होती. 2016 मध्ये घरच्या ओढाताणीपायी तिनं खेळ सोडायचंही ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव सांगतात, समजूत घातल्यावर ती परतली. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं होतं. 2020 चा तिचा अर्जुन पुरस्कार खो-खोच्या वाट्याला 22 वर्षांनी आला. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

सगळ्याच पोरी तिथवर जात नाहीत. खो-खोच्या संघात नाव लागलं नाही की घरचे म्हणतात, बस झालं आता. म्हणून मी अशा पोरीला उडीत, गोळाफेकीत गुंतवून ठेवते. पोलीस भरतीत मुलींना 100 मीटर, 800 मीटर आणि गोळाफेक द्यावी लागते. सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. आई-बापांना मी हाच हिशेब सांगते. पदकापेक्षा तो त्यांना लवकर पटतो, आणि पोर दुसऱ्या दिवशी परत मैदानावर येते.