चंचल मुलास गोळी द्यावी काय?

कान्हे येथील आमच्या घरांत गेल्या श्रावणांत एका लहानशा गोळीवरून जो वाद माजला, तसा वाटणीच्या प्रश्नावरूनही कधीं माजला नव्हता. आमचा नातू नऊ वर्षांचा. बुद्धि तल्लख, पण ताटावरून तीनदां उठणार, आणि गणिताचें उत्तर तोंडीं बरोबर सांगून वहींत चुकीचें लिहिणार. सूनबाई त्यास लोकलनें पुण्यास मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. घरचे व शाळेचे अभिप्राय पाहून निदान झालें: एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचांचल्य. औषध सुचविलें मेथिलफेनिडेट. तें उत्तेजक आहे असें कळतांच आमच्या अक्का म्हणाल्या, “आगींत तेल ओतण्याचा हा कोणता उपाय?”

अक्कांची शंका रास्त होती. अमेरिकेंत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं १९३७ सालीं ३० मुलांस बेंझेड्रीन हें उत्तेजक दिलें, तेव्हां जवळजवळ निम्मीं मुलें अभ्यासांत झपाट्यानें सुधारलीं व कित्येक शांतही झालीं. तें पाहून तेही चकित झाले. अशा औषधानें मेंदूंतील डोपामीन व नॉरॲड्रेनलीन या द्रव्यांचा प्रभाव वाढतो. निजलेला सारथि जागा व्हावा आणि घोडे आवरले जावे, तसा हा प्रकार.

आमच्याकडे पहिल्याच आठवड्यांत वही पूर्ण होऊन येऊं लागली. त्याबरोबर डबाही भरलेला परत येऊं लागला, आणि रात्रीं अकरापर्यंत डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनीं मात्रा कमी केली व गोळी सकाळच्या न्याहारीनंतर देण्यास सांगितलें. आतां दर भेटींत वजन, उंची व रक्तदाब पाहतात. घराण्यांत कोणास हृद्रोग होता काय, हेंही आरंभींच विचारलें होतें. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत तर औषधापूर्वीं आईबापांसच शिकवावें लागतें.

अमेरिकेंत ५७९ मुलांचा १४ महिने अभ्यास झाला व तो १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. काळजीपूर्वक दिलेलें औषध केवळ वर्तनोपचारांपेक्षां सरस ठरलें. परंतु तिसऱ्या वर्षीं पाहतां गटांमधील हा फरक उरला नव्हता, आणि सतत औषध घेणाऱ्या मुलांची उंची किंचित् कमी वाढली होती. गोळी कांहीं तास अवधान देते. पाढे शिकवीत नाहीं. ते आम्ही अजून रोज संध्याकाळीं ओटीवर बसून, दहा दहा मिनिटांचे तुकडे पाडून घेतों.

एक धोका एकत्र कुटुंबांतलाच. स्पर्धापरीक्षेस बसणाऱ्या थोरल्या नातवानें हळूच एक गोळी मागितली! निरोगी मुलांचेंही अवधान या जातीच्या औषधानें वाढतें, हें १९७८ सालींच दिसून आलें आहे. म्हणून गोळी लागू पडली एवढ्यावरून रोग सिद्ध होत नाहीं. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेंत येणारें हें औषध आमच्या घरीं आतां कपाटांत, कुलपाखालीं असतें.

आमचें मत औषध देण्याकडे झुकलें, त्याचें खरें कारण वेगळेंच आहे. आम्हीं ३४ वर्षें शाळेंत शिकविलें. असल्या मुलांस बांकावर उभें केलें, अंगठे धरावयास लावले, क्वचित् छडीही मारली. त्यांतला एक सातवींतच शाळा सोडून गेला. कामशेतच्या बाजारांत भेटला म्हणजे तो अजून वांकून नमस्कार करतो, आणि आम्हांस त्याच्या डोळ्यांकडे पाहवत नाहीं.

हल्लीं रविवारीं गोळीस सुटी द्यावी काय, यावरून घरांत पुन्हां दोन तट पडले आहेत. सूनबाई पुढच्या महिन्यांत पुण्यास जातील, तेव्हां डॉक्टरांस विचारून येतील.